तुझ्या रडणाऱ्या बाईचं मी काय करू?

मारिसोल,

जायचंच होतं तर तुझ्या त्या रडणाऱ्या बाईलाही बरोबर न्यायचं होतंस. तू गेलीस आणि ती इथेच राहिली. राहिली ती कुठे, तर माझ्या घरात! जिला मी इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर थोपवून धरलं, जिच्यापायी तुझ्याशी तोंड दुखेपर्यंत भांडले, ती आता रोज उन्हं कलली की माझ्या डायनिंग टेबलाशी, तुझ्या लेकीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते. मला दिसत नाही. मायाला दिसते.

तुझा तेरावा होऊन तीन आठवडे झाले. या परमुलखातल्या आपल्या मराठी मंडळींनी मला सांगितलं, तुम्ही मोठ्या जाऊबाई, तुम्हीच तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा. मी म्हटलं, लिहिते, पण सगळेच चांगले असतील असं काही नाही. तू गेलीस म्हणून माझा राग गेला असं झालेलं नाही. उलट उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणून तो जास्तच चढलाय. तू असतीस तर मान वाकडी करून हसली असतीस आणि नवऱ्याचं ऐकून उचललेलं 'वहिनी, चहा टाक' म्हणाली असतीस. आता चहा टाकते आणि एकटीच पिते. भांडायला माणूस नाही, ही काय शिक्षा आहे ते तुला नाही कळायचं.

मुद्द्याचं सांगते. तुझ्या सात वर्षांच्या मायानं मनाशी पक्कं धरलं की तिन्हीसांजेला पाण्याच्या काठी एकटं उभं राहिलं की तू येशील आणि तिला घेऊन जाशील. का, तर गोष्टीत तसंच आहे. आणि ती गोष्ट तू सांगितलीस.

निखिल तुला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हाच मला कळलं होतं की ही बाई सरळ ऐकणाऱ्यातली नाही. माझा धाकटा दीर तो, ऑफिसातली मेक्सिकन मुलगी घरी आणतो म्हटल्यावर पुण्याहून सासूबाई खास येऊन बसल्या होत्या. लग्नानंतर माप ओलांडायची वेळ आली, तर तू फुटबॉलला मारतात तशी लाथ मारलीस. तांदूळ कॉरिडॉरभर, समोरच्या चिनी आंटीच्या चपलांत सुद्धा. अभय, माझा नवरा, केरसुणी शोधत फिरला आणि सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, बघते तर हसून हसून डोळ्यांत पाणी. त्यांना तू पहिल्या दिवसापासून 'आई, तू जेवलीस?' म्हणून विचारायचीस. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं, अगं, सासूला 'अहो आई' म्हणायचं. तू म्हणालीस, 'आई म्हणायचं, आणि परत अहो? मग ती आई कसली?' मी दहा वर्षं 'अहो आई' करत होते, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता.

फोडलेल्या पेरूवर तिखटमीठ टाकून वर लिंबू पिळणारी तू. पोळीला टॉर्टिया म्हणायचीस आणि मक्याची भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापायचीस. ही आपलीच आहे, चुकून त्या टोकाला जन्मली, असं सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. माझंही तेच मत होतं, फक्त ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला डोक्यावर आणखी कोण बसवून ठेवणार?

पण ती गोष्ट! पासिर रिसच्या आपल्या इमारतींमागे कालवा आहे, पाऊस झाला की दुथडी भरून वाहतो. तिथल्या कठड्यावर पोट टेकून माझी ओवी खाली वाकून मासे बघत होती. सहा वर्षांची होती ती तेव्हा. तू मायाची बाबागाडी ढकलत आलीस, ओवीला खाली बसवलंस आणि अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सुरू झालीस. एका नदीकाठी एक देखणी बाई राहत होती. नवरा तिला टाकून दुसरीकडे गेला. रागाच्या भरात तिनं आपली दोन मुलं नदीत बुडवली. राग उतरेपर्यंत मुलं वाहून गेली होती. तेव्हापासून ती रडत रडत काठाकाठानं फिरते, 'माझी मुलं, माझी मुलं' म्हणून हाका मारते, आणि संध्याकाळी पाण्याजवळ एकटं सापडलेलं मूल आपलंच समजून घेऊन जाते.

मी भाजीच्या पिशव्या घेऊन मागेच उभी होते. 'बास!' म्हणून ओरडले.

पुढचे कितीतरी दिवस ओवी आंघोळीला बादलीजवळ जाईना. स्विमिंग क्लासच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी काही झालंय का? मी तणतणत तुझ्या दारात आले. पोराबाळांच्या काळजात धडकी भरवून शिस्त लावतात का? बागुलबुवा आमच्याकडेही होता, पण त्यानं स्वतःची पोरं नव्हती मारली!

तू शांतपणे कणीस भाजत होतीस. म्हणालीस, 'वहिनी, तुझा बागुलबुवा फुकट घाबरवतो. माझी बाई कारण सांगते.'

'डोंबलाचं कारण! इथे जागोजागी रेलिंग आहे, बोर्ड आहेत, दंड आहे. तुझ्या बाईची गरजच काय?'

'बोर्ड मुलं वाचतात?' तू विचारलंस. 'ओवी परत वाकली कठड्यावरून?'

नव्हती वाकली. मी ते कबूल केलं नाही, आजही करायची इच्छा नाही. आणि त्या गोष्टीवरचा माझा खरा आक्षेप वेगळाच होता, तो तुला ठाऊक आहे. नवरा पळाला, मजेत राहिला, आणि जन्मोजन्मी रडत फिरायचं ते बाईनं. त्याला कोण विचारणार? हा कुठला बोध? मी हे विचारलं की तू म्हणायचीस की ही गोष्ट मुलांना सांगायची असते, पण ऐकायची असते आईनं. तुझी आजी म्हणे तुमची आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली की मुद्दाम मोठ्या आवाजात तुम्हा पोरांना ती सांगायला बसायची. मग आतली आदळआपट थांबायची. रागात असं काही करू नकोस जे परत फिरवता येणार नाही, एवढंच आजीला सुनेला सांगायचं होतं, पण तोंडावर सांगितलं असतं तर सुनेनं ऐकलं असतं का? मला तुझी ती आजी आवडली. बाई मात्र नाही आवडली. माझ्या घरात ती नको म्हणजे नको, हा माझा हेका कायम राहिला. पुढे तू मायाला ती रोज झोपताना सांगायला लागलीस. तुझी मुलगी, तुझं घर. दोन इमारती सोडून पलीकडे ती बाई रडायची आणि अलीकडे मी दार लावून घ्यायचे.

मग तू आजारी पडलीस आणि भांडणं बंद झाली. मला ते अजिबात आवडलं नाही. हॉस्पिटलात मी मुद्दाम काहीतरी खुसपट काढायचे, तू नुसती हात दाबायचीस. माझ्याशी गोड वागायला लागलीस तेव्हाच मी समजले. बाहेर येऊन लिफ्टजवळ रडले, तुझ्यासमोर रडायची माझी टाप नव्हती.

आणि काय गं, निखिलला तू काय सांगून गेलीस? 'मला तुमच्या पद्धतीनं जाळा आणि इथल्याच पाण्यात सोडा, म्हणजे माया कधीही येऊ शकेल.' कमाल आहे तुझी! पाण्याच्या काठी मेलेली आई मुलं शोधत फिरते, ही गोष्ट स्वतःच पोरीच्या डोक्यात रुजवायची, आणि वर स्वतःलाच पाण्यात सोडायला लावायचं. सात वर्षांच्या जिवानं यातून दुसरं काय समजावं?

चांगीहून आम्ही तुझ्या अस्थी घेऊन बोटीनं गेलो. गुरुजी भला माणूस. मायाला त्यांनी वाकून इंग्रजीत समजावलं, आता मम्मा समुद्रात देवाजवळ आहे. माया म्हणाली, 'इन द वॉटर?' आम्ही सगळे म्हणालो, हो गं राणी. सगळे. मीसुद्धा. त्या वेळी कुणाच्या डोक्यात बाई नव्हती, माया सोडून.

मग दहावा. समुद्रकाठी पिंड मांडले. निखिल हात जोडून उभा. आणि कावळा येईना! एरवी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलांवर ताटातलं पळवणारे कावळे, त्या सकाळी एक फिरकेल तर शपथ. आल्या त्या साळुंक्या, टुणटुण उड्या मारत. गुरुजी त्यांना हाकलतायत, अभय उपरण्यानं वारतोय. पिंडाला कावळा शिवेना म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, हे आपल्या अंगात मुरलेलं. तोआ पायोहच्या कुसुममावशी निखिलला म्हणाल्या, काय राहिलं असेल ते बोल, शब्द दे. निखिल बोलला, मायाला नीट वाढवीन. कावळा नाही. तिला तुझी भाषा शिकवीन. कावळा नाही. तुझ्या आईला भेटायला दर वर्षी नेईन. नाहीच. निखिलचा आवाज चिरकत चालला होता, मला बघवेना. माया माझा हात धरून विचारत होती, 'काकू, व्हॉट डझ मम्मा वॉन्ट?' आणि मी काही म्हणायच्या आत कुसुममावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळे पुसत म्हणाल्या, 'तुझ्यात जीव अडकलाय गं तिचा. तुला सोडून जाववत नाहीये.'

किती सहज बोलतो आपण. कुठल्याही दहाव्याला कुणीतरी हे बोलतंच. त्यांनी प्रेमानंच म्हटलं, त्यांना दोष नाही देत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. मोठ्यांचं समाधान झालं. मायाचं नाही झालं. गवताचा पक्षी चालतो हे तिला कोण पटवणार? तिनं हिशेब मांडला. मम्मा पाण्यात आहे. मम्मा गेलेली नाही. तिला मी हवी आहे. आणि पाण्याकाठी आपलं मूल शोधणारी बाई कोण, हे तर तिला रोज झोपताना सांगितलेलं होतं. तुझी अर्धी गोष्ट आणि आमचे अर्धे विधी, दोन्ही जोडून पोरीनं असं काही घट्ट विणलं की मला त्यात बोट शिरवायला जागा सापडेना.

आधी ती खिडकीत उभी राहायला लागली. शाळा सुटली की ती आमच्याकडेच असते, निखिल ऑफिसातून येईपर्यंत. मला वाटलं, बाबाची वाट बघते. मग म्हणायला लागली, कालव्यावर जाऊया. मी नेलं, तर म्हणाली, तू इथे बाकावर बस, मी एकटी पुढे जाते. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ओवीनं. आता तेरा वर्षांची घोडी झालीय, अर्धं वाक्य मराठीत, अर्धं तिच्या शाळेतल्या इंग्रजीत, शेपटीला इथलं ते 'लाह'. म्हणाली, 'आई, शी इज नॉट प्लेइंग लाह. ती कान देऊन ऐकते. क्रायिंग ऐकू येतं का बघते.'

मी लगेच निखिलला बोलावून सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, 'वहिनी, तूच सांग तिला. सगळं खोटं आहे, मम्मानं बनवून सांगितलेली गोष्ट होती म्हणून. तुझं तर आधीपासून हेच म्हणणं होतं.'

होतं ना! हेच म्हणणं होतं. आता सांगायची वेळ आली तर जीभ उचलेना. तुझी आई खोटं सांगायची, हे त्या पोरीला सांगू? आणि तेही आई गेल्यावर? तुझ्याकडून तिच्यापाशी उरलंय काय? थोडे कपडे, फोनमधले फोटो आणि ही एक गोष्ट. तीही काढून घेऊ? मी निखिलला म्हटलं, नाही सांगणार. तो चिडला. 'मग काय तिला रोज पाण्यावर पाठवायचं?' 'ओरडू नकोस माझ्यावर,' मी म्हटलं, 'मला दोन दिवस दे, सुचेल काहीतरी.' काही सुचलं नाही. तांजोंग पगारला ऑफिसात बसून आकडे बघायचे आणि एकीकडे घड्याळ बघायचे. ओवीला बजावून ठेवलं होतं, मी येईपर्यंत मायावरची नजर हलवायची नाही.

गेल्या आठवड्यात मी एमआरटीच्या गाडीतून पासिर रिसला उतरत होते आणि ओवीचा फोन आला. ओवी आंघोळीला गेली तेवढ्यात माया निसटली होती. 'आई, माया इज नॉट हिअर. चपला पण नाहीत.' रडत होती. मी म्हटलं, कालव्यावर पळ, मी बीचवर बघते. का बीच म्हणाले, माहीत नाही. कालव्याला कठडा आहे, समुद्राला नाही, एवढंच डोक्यात आलं. ऑफिसच्या बुटांत मी पार्कातून पळत सुटले. सायकलवाले वळून बघत होते. मी मोठ्यानं तुला शिव्या घालत होते. मराठीत. आणि मधेच म्हणत होते, मारिसोल, नेऊ नकोस तिला, हात जोडते, नेऊ नकोस. बघ, माझ्यासारखी बाई! तुझ्या भुताला नावं ठेवणारी मीच तुझ्या पाया पडत होते.

होती ती तिथेच. चपला वाळूवर नीट जोडून ठेवलेल्या, शाळेचा युनिफॉर्म, आणि गुडघ्याला पाणी. सूर्य गेला होता, उजेड अजून होता. आसपास कुणी नाही. पाणी चढत होतं.

'माया!'

ती वळली नाही. 'काकू, ओरडू नको. ती येणार नाही मग.'

मी पाण्यात पाय टाकला. ती आणखी आत सरकली. मी थांबले, ती थांबली. परत एक पाऊल टाकलं, परत ती आत. पाणी मांडीला आलं. मी झडप घातली असती, पण मधलं अंतर मला झेपलं असतं असं वाटलं नाही, आणि मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. तू शिकवणार होतीस.

'यू गो, काकू,' ती म्हणाली, अगदी समजुतीनं, मीच लहान असल्यासारखी. 'मोठी माणसं असली की ती येत नाही. ओन्ली चिल्ड्रन.'

जाऊ कुठे? आणि न जाऊ तर ती आणखी आत जाणार. तेव्हा जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. मी ओल्या वाळूत फतकल मारून बसले आणि म्हटलं, 'मला ती गोष्ट पुरती माहीतच नाही गं. तुझ्या मम्मानं मला शेवट कधी सांगितला नाही.'

खरंच सांग, सांगितलास? मुलं वाहून जातात, बाई काठानं फिरते, की मी 'बास' म्हणायचे. पुढे काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

माया वळली. तिच्या चेहऱ्यावर मला निव्वळ तुच्छता दिसली. 'यू डोन्ट नो द एंडिंग? ओवीताईला पण माहितीय.'

'मला नाही माहीत. सांग ना.'

'मी बिझी आहे, काकू.'

'इथपर्यंत ऐकू येत नाही नीट. थोडं जवळ येऊन सांग, मग मी जाते.'

ती दोन पावलं आली. तेवढीच. कमरेवर हात ठेवून सांगायला लागली आणि मारिसोल, तो तुझा आवाज होता. तसंच मधे थांबणं, तसंच डोळे मोठे करणं. ती बाई पण मेली, माया म्हणाली. मग ती वर देवाच्या दारात गेली. देवानं दार उघडलं आणि विचारलं, तुझी मुलं कुठे आहेत? ती म्हणाली, मला माहीत नाही. देव म्हणाला, मग तू आत नाही यायचं. आधी जा आणि बघून ये. म्हणून ती परत खाली आली. म्हणून ती रडते. 'बिकॉज शी डझन्ट नो,' माया म्हणाली. 'दॅट्स द एंडिंग.'

एवढी वर्षं मी ज्या बाईवर तोंडसुख घेत होते, तिची शिक्षा मुलं मारल्याची होती असं समजून. आणि इथे ही पोर सांगतेय की तिला दारातून परत पाठवलं ते एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही म्हणून.

'हे सगळ्या आयांना विचारतात?' मी विचारलं.

'ऑफ कोर्स. मम्मा म्हणाली, सगळ्या मम्मांना विचारतात.'

'तुझ्या मम्माला पण विचारलं असेल?'

'हो.'

'काय म्हणाली असेल ती?'

माया विचार करायला लागली. पाणी तिच्या फ्रॉकला लागून मागेपुढे होत होतं. मी वाळू मुठीत धरून बसले होते. 'ती म्हणाली असेल...' माया म्हणाली, 'शी विल से, माया काकूकडे आहे. पासिर रिसला. ओवीताईबरोबर. होमवर्क करतेय.'

मग तिनं खाली आपल्या पायांकडे बघितलं, मग मागे समुद्राकडे, मग माझ्याकडे.

'पण मी घरी नाहीये,' ती म्हणाली.

'नाहीस.'

'काकू, देन मम्मा टेल लाय!' तिचा चेहरा वेडावाकडा झाला. 'दे विल सेंड हर बॅक! ती पण अशीच फिरत राहील, रडत!' आणि पाणी उडवत ती धावत बाहेर आली. मी उठून तिला कवेत घ्यायला गेले, तर मला ढकललंच तिनं. 'चल ना काकू! चल! लवकर घरी चल!' तू गेल्यापासून ही मुलगी रडली नव्हती. त्या संध्याकाळी रडली. रडत, अनवाणी, माझा हात खेचत ती पार्कातून पळाली आणि मी तिच्या मागे फरपटत. चपला तिथेच राहिल्या, राहू देत.

दारात ओवी उभी होती, रडून डोळे लाल. माया तिच्या अंगावरून आत घुसली, ओल्या फ्रॉकनं टेबलाशी जाऊन बसली, वही उघडली आणि पेन्सिल हातात घेतली. मग छताकडे बघून मोठ्यानं म्हणाली, 'ओके, मम्मा. नाऊ यू कॅन टेल.'

निखिल आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो वहीवर वाकलेल्या मायाकडे बघत नुसता उभा राहिला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला, पंचेचाळिशीचा बाप्या. गोष्ट खोटी आहे असं सांगायचं नाव त्यानं परत काढलं नाही.

आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. नवरा सुटतो तो सुटतोच, यावर तुझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. एवढ्याशा पोरांना असलं काही सांगावं, हे मला अजूनही पटत नाही. ती गोष्ट तिला पाण्यात घेऊन गेली, आणि बाहेरही त्याच गोष्टीनं आणली, आता यात मी जिंकले की तू, कोण ठरवणार? मी तुझ्याकडून शेवट ऐकून घ्यायला हवा होता, की तू मला धरून बसवून सांगायला हवा होतास? दोघी सारख्याच अडेल. सासूबाई म्हणायच्याच.

माया आता दिवेलागणीला घरी असते. खेळायला गेली तरी पळत येते, धापा टाकत, आणि खुर्चीत बसते. मला त्याचीही काळजी वाटते, खोटं कशाला बोलू? सात वर्षांच्या मुलीनं आईच्या वाटचं उत्तर सांभाळत बसावं, हे ओझं फार झालं. म्हणून आज संध्याकाळी मी तिला सांगितलं, तू घरी आलीस की नाही हे बघायचं काम तुझं नाही, ते माझं. तुला खेळताना उशीर झाला तर मी खाली येऊन तुला घेऊन येईन, पण तुझ्या मम्माचं उत्तर चुकू देणार नाही. तिनं मला जरा वेळ निरखून बघितलं. 'प्रॉमिस?' म्हणाली. मी म्हटलं, प्रॉमिस. मग ती परत खाली खेळायला गेली.

माझ्याकडून तुला सांगायचं राहिलं होतं ते एवढंच. मी तुझ्यावर फार प्रेम करत होते, तेही घे आता, एवीतेवी बोलतेच आहे तर. आणि कुणी विचारलं तर न घाबरता सांग. माया आपल्या घरी आहे. वहिनी बघतेय तिच्याकडे. दारात ताटकळत उभी राहू नकोस, मारिसोल. आत जा.